जळबा सुटेस्तोवर

कोणतंही काम नेमानं, ठरल्या वेळी आणि पाय धुऊन केलं की ते पुण्यात जमा होतं. मग ते तुळशीला पाणी घालण्याचं असो, की विलायतेतल्या खुनाचा तपास लावण्याचं. शास्त्रानं याला कुठेही हरकत घेतलेली नाही. (दुसऱ्या कामाचा शास्त्रात उल्लेखच नाही, पण हरकत नाही, एवढं तरी खरं.)

सेनगाव तालुक्यातल्या वरच्या तांड्यावरच्या नीलाबाईंना हे कुणी शिकवावं लागलं नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादशा असे त्यांचे उपास चालत. आठवड्याचे दिवस सात आणि नीलाबाईंचे नेम आठ. आठवा कुठे बसवतात ते त्यांचे यजमान नेमसिंग यांना लग्नाला तीस वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. नीलाबाईंचं बोलणं मात्र इतकं हळू, की ऐकायला घरची म्हैससुद्धा रवंथ थांबवी. अशा बाईचा एखाद्या खुनाशी संबंध येईल असं कुणाला वाटलं नसतं. पण शासनाची इच्छा तशी होती.

त्याचं असं झालं. तांड्याच्या तोंडाशी ‘नवप्रकाश सार्वजनिक वाचनालय’ आहे. वाचनालयाला वाचक असावेत, अशी शासनाची एक जुनी अपेक्षा आहे. तिची पूर्तता करणं हे सचिव विश्वंभर गुरुजींचं काम. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, म्हणजे आकडे जुळवण्यात मुरलेले. वाचनालयाचे सभासद दोनशे बारा. त्यातले एकोणीस स्वर्गवासी. (त्यांच्याकडे एकही पुस्तक थकलेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. जिवंतांबद्दल तसं म्हणता येत नाही.) यंदा मात्र वरून पत्र आलं की तपासणीत नावं चालणार नाहीत, प्रत्यक्ष वाचताना माणसं दिसली पाहिजेत. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना नीलाबाईंची आठवण झाली.

पुस्तकांची अडचण नव्हती. हिंगोलीच्या एका जुन्या वकिलांच्या नातवंडांनी घर रिकामं करताना एक लोखंडी पेटी वाचनालयाला देऊन टाकली होती. पेटीत एकाच इंग्रज लेखकाच्या त्रेचाळीस कादंबऱ्या, सगळ्या मराठीत आणलेल्या. लेखकाचं नाव बार्नबी थॉर्नकॉट. भाषांतर करणाऱ्यानं स्वतःचं नाव दिलेलं नाही. खुनाच्या बाबतीत सहसा कुणी पुढे येत नाही.

थॉर्नकॉट साहेबांनी हे लेखन शंभर वर्षांपूर्वी केलं. त्या काळी विलायतेत हा घरगुती उद्योग होता. पाऊस बाहेर आणि माणसं घरात, त्यामुळे कुणी कागदावर खून करी, कुणी भुतं काढी, कुणी खुर्चीवरून न उठता आफ्रिकेतला खजिना शोधून आणी. ही मंडळी कष्टाळू होती. वर्षाला तीन पुस्तकं हा साधारण वेग. आपल्याकडे सोयाबीन आणि तूर मिळून दोनच पिकं निघतात, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांची थोरवी कळते.

गुरुजींनी त्रेचाळीस पुस्तकं चाळून एक तक्ता केला आणि तो वाचनालयाच्या भिंतीवर लावला. तो असा:

एकूण खून: एकाहत्तर. पैकी ग्रंथालयात: एकोणतीस. बागेत: चौदा. रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्यात: आठ. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात: एकही नाही. (जागा नसते.) बाकी किरकोळ ठिकाणी. खुनानंतर लगेच चहा: एकाहत्तर. सुतक पाळलं: निरंक.

ग्रंथालयाचा आकडा गुरुजींनी लाल शाईनं लिहिला होता. विलायतेत वाचनालयाचा इतका उपयोग होतो आणि आपल्याकडे लोक नुसता पेपर बघायला येतात, याची त्यांना खंत होती.

आता बाया जमवायच्या कशा? वाचायला या म्हटलं तर कुणी येत नाही. पारायणाला या म्हटलं तर माणूस हातातलं खुरपं टाकून येतं. गुरुजींनी नीलाबाईंना गाठलं आणि पारायण ठेवायचं आहे एवढंच सांगितलं. पोथी कोणती, हे नीलाबाईंनी विचारलं नाही. नेम धरायचा म्हटल्यावर तपशिलात शिरणं त्यांना अश्रद्धेचं वाटे. त्यांची मुलगी पुजा सेनगावच्या कॉलेजात बी.ए.ला, तिनं मोठ्यानं वाचायचं. रोज दुपारी तीन ते चार एक अध्याय. पुस्तकाला तांबडं फडकं गुंडाळलं गेलं. नियम नीलाबाईंनी घातले: वाचणारीनं पूर्वेला तोंड करून बसावं. अध्याय अर्धा टाकून उठू नये, घरी दूध उतू गेलं तरी. गाळून वाचू नये. आणि सगळ्यात मोठा नियम, पुढचं पान उघडून बघू नये. पोथीचा शेवट आधी बघणं म्हणजे देव्हाऱ्यात हात घालून नैवेद्य उचलणं.

थॉर्नकॉट साहेबांना हयातीत असे श्रोते मिळाले नसतील. आपले वाचक शेवटचं पान आधी उघडतात म्हणून त्यांनी एका प्रस्तावनेत चार पानं गळा काढलेला आहे. वरच्या तांड्यावर सदतीस बायांनी दोन पोथ्या सरळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकल्या आणि खुनी कोण ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी कळलं तेव्हा हात जोडले.

तक्रारी होत्या, नाही असं नाही. घरात मढं पडलेलं असताना ही माणसं अंडी कशी खातात, हे मिराबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. बारा बारा पाहुणे महिना महिना राहतात, तर भाकरी कोण थापतं, हे त्रेचाळीस पुस्तकांत कुठे दिलेलं नाही. पण परक्या मुलखातल्या देवांनाही आपल्या रीती असतात, असं म्हणून बायांनी ते पोटात घातलं.

तिसरी पोथी निघाली ‘विलोथॉर्प हवेलीतले सात पाहुणे’. तिथून सगळं फिरलं.

हवेलीचा मालक एक कर्नल. नोकरी संपवून विलायतेला परतलेला. पुजानं पहिल्या अध्यायात वाचलं की कर्नल साहेबांची उमर निजामाच्या मुलखात, हिंगोलीच्या छावणीत गेली. आणि सगळ्या बाया एकदम सरसावून बसल्या. आपल्या गावाचं नाव छापलेलं फक्त एसटीच्या पाटीवर बघायची सवय. पोथीत ते कधी आलं नव्हतं. दुसऱ्या अध्यायात आणखी नवल. कर्नलनं येताना एक नोकर बरोबर आणला होता. अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. नाव जळबा.

“जळबा?” खालच्या वस्तीतल्या जनकाबाईंनी विचारलं. त्या पोथीपुराणाला जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. भिक्खू आले की बुद्धवंदनेला जात. पण खून ऐकायला धर्म आडवा येत नाही म्हणून रोज हजर असत. “मंग आमचंच पोरगं हाय ते. माझ्या आज्याचं नाव जळबा.”

तांड्यावरच्या बायांचं म्हणणं पडलं की छावणीला बैलांवरून धान्य आम्ही पुरवत होतो, तेव्हा साहेबाबरोबर गेला असेल तर आमच्यातलाच. यावर दोन दिवस वाद झाला. थॉर्नकॉट साहेबांनी सात पाहुण्यांच्या बाहीची बटणं एकेक करून वर्णन केली होती. जळबाचं मात्र आडनावही दिलं नव्हतं. तेव्हा तो हिंगोलीचा, एवढ्यावर मिटलं.

चौथ्या अध्यायात ग्रंथालयात मढं सापडलं आणि पाचव्यात पोलीस अधिकाऱ्यानं जळबाला धरलं. पुरावा असा: तो पडद्यामागे गप्प उभा होता. (कर्नल साहेबांनीच त्याला तिथे गप्प उभं राहायला सांगितलं होतं. पण ते दुसऱ्या अध्यायात. तोवर अधिकारी आलेला नव्हता.) पान एक्केचाळीसवर त्याला तळघरात, कोळशाच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. पान बेचाळीसवर सगळे चहाला बसले.

पुजानं अध्याय संपवून पुस्तक मिटलं. कुणी उठेना. फडक्याची गाठ मारून नीलाबाई नेहमीसारख्या हळू म्हणाल्या, “थंडीच्या मुलखात लेकराला कोळशात कोंडून हे चहा पिऊन राहिले. तो सुटेस्तोवर म्या चहा घेत न्हाई.”

नीलाबाईंनी मीठ सोडलं, भात सोडला, तरी तांड्यावर कुणी दखल घेत नसे. चहा मात्र त्यांचा जीव. दिवसातून पाच वेळा, तेही गूळ घालून. त्यांनी तो सोडला म्हटल्यावर मिराबाईंनी सोडला, जमनाबाईंनी सोडला आणि उठताना सदतीसच्या सदतीस बायांनी सोडला. जनकाबाई तेवढ्या म्हणाल्या, की आपला नवससायासावर विश्वास नाही. “म्या नवस केला न्हाई. म्या फकस्त चहा पिऊन न्हाई राहिले.”

याचे परिणाम पुढीलप्रमाणे झाले. घरातली बाई चहा पीत नाही म्हटल्यावर ती चहा टाकतही नाही, हा निसर्गनियम पुरुषांना पहिल्यांदा कळला. दोन दिवस सगळे प्रेमदासच्या हॉटेलात गेले. तिसऱ्या दिवशी प्रेमदासची बायको पारायणाला बसते हे उघडकीला आलं आणि हॉटेलात नुसती भजी उरली. दूध संकलन केंद्रावर दूध वाढलं. तांड्यावर डोकेदुखीच्या गोळ्या मिळेनात. नेमसिंग ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “इंग्रज जाऊन पाऊणशे वरसं झाली. अन् आता माझा चहा बंद करून राहिले.”

पण वाईटातून चांगलं निघतं ते असं: जळबा कधी सुटतो हे बघायला पुरुषमंडळी वाचनालयाच्या खिडकीशी उभी राहू लागली. वाचक सदतीसवरून शहाण्णववर गेले. गुरुजींनी अहवालात ‘ग्रामीण भागात वाचनसंस्कृतीचा जोमदार प्रसार’ असं लिहिलं आणि कारणाचा रकाना मोकळा सोडला.

अध्याय सरत गेले. दहाव्यात कुत्र्याच्या पायाला लागलं. चौदाव्यात कर्नलच्या पुतणीचं एका तरुणावर मन बसलं. सतराव्यात दुसरा खून झाला, तेव्हा जळबा कोळशाच्या खोलीत होता. तरी त्याला कुणी काढलं नाही. अधिकारी म्हणाला, एक खून एकानं केला असेल, दुसरा दुसऱ्यानं. नीलाबाईंचं डोकं दिवसभर ठणकत असे. पोळ्या लाटताना त्यांच्या मनात येई, की त्या पोराला जेवायला कोण देत असेल. पुस्तकात तर कुणी देत नव्हतं.

शेवटी चोविसावा अध्याय आला. तपास करणाऱ्या गुप्तहेरानं सगळ्या पाहुण्यांना ग्रंथालयात गोळा केलं, शेकोटीला पाठ करून तो उभा राहिला आणि म्हणाला, “सभ्य स्त्रीपुरुषहो, खुनी या खोलीतच आहे. आणि त्याचं नाव...”

पुजानं पान उलटलं. पुढे पुठ्ठा होता.

शेवटची सोळा पानं नव्हती. (वकिलांच्या मोठ्या घरात दिवाळीला फराळ बांधायला कागद लागलाच असणार.) जगात दुसरीकडे कुठेही हे पुस्तक घेणाऱ्यानं पहिल्या दिवशीच मागून उघडून पाहिलं असतं. वरच्या तांड्यावर नेम पाळल्यामुळे हे सव्वीस दिवसांनी कळलं. खिडकीतून नेमसिंग म्हणाले, “आता?”

गुरुजींनी रीतसर मार्ग धरला. वरच्या कार्यालयात अर्ज केला. नवव्या दिवशी उत्तर आलं. पुस्तक हरवल्यास एक नमुना आहे, पुस्तक फाटल्यास दुसरा आहे. पुस्तकाचा शेवट हरवल्यास नमुना उपलब्ध नाही. तथापि प्रकरण विशेष बाब म्हणून विचारात घेता येईल, त्यासाठी हरवलेल्या शेवटाची साक्षांकित प्रत अर्जासोबत जोडावी.

मग ग्रामसभा बसली. ग्रामसभेला गावाच्या हद्दीबाहेरच्या खुनाचा निकाल देता येतो का, यावर थोडी चर्चा झाली. पण आरोपी हिंगोलीचा, आणि चहाविना राहिलेल्या माणसाला हद्द फार दिसत नाही. मतदान झालं. खुनी म्हणून हवेलीच्या डॉक्टरला एक्केचाळीस मतं पडली (त्यानं अख्ख्या पुस्तकात कुणाला इंजेक्शन दिलं नाही, हे संशयास्पद), कर्नलच्या मेहुणीला अडतीस, पाद्र्याला तेहेतीस. खुनी कोण यावर एकमत झालं नाही. जळबा निर्दोष, यावर मात्र सगळे हात वर गेले. ठराव क्रमांक सात. टाळ्या वाजल्या, प्रेमदासनं सभा संपायच्या आधीच शेगडी पेटवली आणि महिन्याभरानं तांड्यावर चहाचा वास सुटला. बायाही प्यायल्या. का पिऊ नये? ठरावावर सरपंचांची सही होती, शिक्का होता.

नीलाबाईंच्या हातात नेमसिंगनी स्वतः कप आणून दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

“काहून गं? सुटला न्हवं का आता?”

“तुमी सभेत हात वर केले,” नीलाबाई म्हणाल्या. “तिथं कडी तशीच हाय.”

नेमसिंगनी डोक्याला हात लावला. तेवढ्यात जनकाबाई समोरून चालल्या होत्या; त्यांच्याही हातात कप नव्हता. त्या नीलाबाईंच्या शेजारी येऊन बसल्या. सदतीसातल्या पस्तीस चहा पीत होत्या आणि दोघी कपाळाला फडकं बांधून बसलेल्या.

त्यानंतर नीलाबाईंना समजावायला बरेच जण आले. भावकीतले आले. गुरुजी आले आणि म्हणाले, ही कादंबरी आहे, जळबा नावाचा माणूस कधी नव्हताच. नीलाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग महिनाभर त्याच्यापायी जमलेल्यांची हजेरी वहीवर कशाला लावली? नेमसिंगनी एकदा काढा म्हणून चहा पाजायचा प्रयत्न केला. नीलाबाईंनी वास घेऊन कप म्हशीच्या आंबोणात ओतला. म्हैस तेव्हापासून संध्याकाळी चारला हंबरते.

आईचं वजन उतरायला लागलं तेव्हा पुजानं फोन हातात घेतला. पुस्तक शंभर वर्षांचं, त्याच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. परदेशातल्या कुठल्याशा वाचनालयानं मूळ इंग्रजी पुस्तक पानागणिक फोटो काढून सगळ्यांसाठी ठेवलेलं होतं. ते तिला दुसऱ्या दिवशी सापडलं. शेवटची सोळा पानं तिनं शब्दकोश घेऊन चार दिवसांत मराठीत लावली. चौथ्या दिवशी दुपारी ती वाचनालयात आली, तेव्हा नीलाबाई आणि जनकाबाई कापूस निवडत बसल्या होत्या. बाकीच्या बाया नेमाप्रमाणे हजर होत्या, चहा पिऊन.

“याडी, खुनी सापडला,” पुजा म्हणाली. (तांड्यावर आईला याडी म्हणतात.)

“जळबा?”

“जळबा न्हाई.”

नीलाबाईंनी कापसाची बोंडं बाजूला ठेवली, हात जोडले, डोळे मिटले. बायांत कुजबूज झाली. कुणीतरी चूल पेटवायला उठलंही.

“मंग सुटला,” नीलाबाई म्हणाल्या.

पुजानं फोन पुन्हा उघडला. बोटानं पानं मागे घेतली, पुढे घेतली. “तसं लिव्हलं न्हाई,” ती म्हणाली.

त्या सोळा पानांत थॉर्नकॉट साहेबांनी काय काय केलं ते न्यायानं सांगायला हवं, कारण एवढी टापटीप एखाद्या लेखकाकडे क्वचितच दिसते. पाच पानं खुन्यानं कबुलीजबाब दिला. अधिकाऱ्याचं अभिनंदन झालं. कर्नलच्या पुतणीचं लग्न ठरलं. कुत्र्याचा पाय बरा झाला. तो उड्या मारत हिरवळीवर गेला, तिथे त्याला बिस्किट मिळालं. माळ्याची संधिवाताची तक्रारसुद्धा निकाली निघाली. पाहुणे चार वाजून दहा मिनिटांच्या गाडीनं गेले. चहा तीनदा झाला. आणि मधे एका ठिकाणी गुप्तहेर म्हणाला, “तो हिंदी नोकर अर्थातच निर्दोष होता.” सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि गोष्ट पुढे गेली.

कोळशाच्या खोलीची कडी पान एक्केचाळीसवर लागली. ती पुन्हा काढल्याचं कुठेही नाही. पुजानं तीनदा पाहिलं होतं.

ज्यांनी ठरावावर विसंबून चहा घेतला होता, त्या बाया पदर सारखा करू लागल्या. गुरुजींना लेखकाची बाजू घेणं भाग होतं. ते म्हणाले, एवढा मोठा माणूस, त्रेचाळीस पुस्तकं लिहिलेली. गडबडीत विसरला असेल.

“कुत्र्याचं ध्यानात ऱ्हायलं,” जनकाबाई म्हणाल्या.

गुरुजी तक्त्याकडे बघायला लागले.

नीलाबाईंनी पुस्तक मागितलं. तांबडं फडकं सोडलं, पान एक्केचाळीस कुठं ते पुजाला दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळीवरून नुसतं बोट फिरवलं. मग पुजाला म्हणाल्या, कागद घे.

गुरुजी चमकले. साहेबांच्या पुस्तकात आपण लिहायचं? ठराव तर तुम्हीच मानला नाही.

“खुनी कोण ते त्येनं ठरवावं, त्येचा धंदा हाय,” नीलाबाई म्हणाल्या. “कडी काढायला कुणाची परवानगी लागत न्हाई.”

मग लिहिलं गेलं. नीलाबाईंनी कडी काढली. म्हणजे हवेलीच्या स्वयंपाकिणीनं काढली, पण ती नीलाबाईंसारखीच हळू बोलत होती असं पुजानं लिहिलं. जळबा भिंतीला धरून उठला, पाय आखडले होते. मिराबाईंनी गरम पाणी दिलं. जमनाबाईंनी त्याच्या अंगावर घोंगडं टाकलं आणि तोंडावरची कोळशाची भुकटी पुसली. एकीनं भाकरी आणि ठेचा दिला. विलायतेत ज्वारी मिळते का, हा गुरुजींचा प्रश्न सर्वानुमते फेटाळण्यात आला. एवढ्यावर थांबावं असं पुजाला वाटलं. पण बायांचं म्हणणं, पोरगं तळघरातून काढून परक्या मुलखात उभं करणं म्हणजे सुटका नव्हे. त्याला घरी पोचवा. तेव्हा आगबोट झाली, मुंबई झाली, मनमाड झालं, पूर्णेला गाडी बदलली, हिंगोलीला तो उतरला. कुठल्या वस्तीत नेऊन सोडायचा, याच्यावर क्षणभर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जनकाबाई म्हणाल्या, “कयाधूच्या काठानं जाऊ द्या. त्येची माय नदीवरच हाय, धुणं धुवायला.”

थॉर्नकॉट साहेबांनी त्याला माय दिली नव्हती. ती त्याला तिथे मिळाली.

मायनं चहा ठेवला, असं नीलाबाईंनी सांगितलं. इथे गुरुजींनी इतिहासाचा मुद्दा काढला: त्या काळी आपल्या खेड्यांत चहा नव्हता, तो इंग्रजांनी नंतर लावला. पुजाची लेखणी थांबली. नीलाबाईंचा नेम चहाच्या तोंडाशी येऊन अडकला.

“मंग त्येनंच आणला,” जनकाबाई म्हणाल्या. “त्या सयपाकिणीनं पुरचुंडीत बांधून दिला.”

हे गुरुजींनाही मान्य करावं लागलं. हिंगोली जिल्ह्यात चहा अशा रीतीनं आला. पुजानं शेवटची ओळ लिहिली, तीन पानं खळीनं पुस्तकाला चिकटवली आणि नीलाबाईंनी एकोणपन्नासाव्या दिवशी गुळाचा चहा घेतला. पहिला घोट जनकाबाईंना दिला. ओट्यावर नेमसिंगनी डोळे पुसले. ते जळबासाठी की स्वतःसाठी, हे विचारायची ती वेळ नव्हती.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. अधिकारी मोठे सज्जन निघाले. त्यांनी ‘विलोथॉर्प हवेलीतले सात पाहुणे’ हातात घेऊन पानं मोजली. सोळा कमी आणि तीन जास्त. कमी पानांसाठी त्यांच्या तक्त्यात रकाना होता. जास्त पानांसाठी नव्हता. (पानं वाढल्याचा हा राज्यातला पहिलाच प्रकार असावा, असं ते म्हणाले.) पुजानं लावलेली सोळा पानं पुस्तकाला जोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, जळबा घरी पोचल्यावर त्यांची गरज कुणाला वाटली नाही. अधिकाऱ्यांनी हातानं लिहिलेली तीन पानं उभ्याउभ्याच वाचली. कयाधूच्या काठापाशी त्यांचा चष्मा धुरकटला. तो पुसून त्यांनी विचारलं, “पण मग खुनी कोण?”

नीलाबाई आठवू लागल्या. त्यांना नाव आठवेना. पुजानं एकदाच सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यांचं लक्ष कडीकडे होतं. त्यांनी अधिकाऱ्यांना चहा दिला.

तेव्हापासून हे पुस्तक बघायला सेनगावहून, आखाडा बाळापूरहून, पार जवळा बाजाराहून माणसं येतात. शिकलेली, दर आठवड्याला एखादं पुस्तक संपवणारी. नीलाबाई त्यांना सगळं पहिल्यापासून सांगतात. ती हळहळतात, तीन पानं वाचतात, काहींना गहिवरून येतं. गुरुजी त्यांची वहीत नोंद ठेवतात. कालपर्यंत एकशे चाळीस जण येऊन गेले. त्यांतल्या एकशे एकोणचाळीस जणांनी निघताना उंबऱ्यात थांबून तोच प्रश्न विचारला, जो अधिकाऱ्यांनी विचारला होता. एकानं विचारला नाही. त्याची बस सुटत होती.

आपणही इथवर आला आहात, तर संकोच करू नका. नाव पुजाला माहीत आहे, आणि तांड्यावर आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. गुरुजींनी एकशे एक्केचाळीसचा आकडा घालून ओळ मोकळी ठेवली आहे.